वजन चढताना, वजन उतरताना

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला दोन रात्री अशा गेल्या, की भारतीय कुस्तीची दोन्ही टोकं एकाच आठवड्यात दिसली. ६ ऑगस्टच्या सकाळी विनेश फोगटचं वजन ४९.९ किलो भरलं. त्या दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीशी, जी आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर कधीच हरली नव्हती. संध्याकाळपर्यंत पाणी आणि खाणं पोटात गेल्यावर काटा ५२.७ किलोवर पोचला होता. रात्रभर धावणं, घाम काढणं, केस कापणं, कपडे आखूड करणं, सगळं झालं. तिचा गट ५० किलोचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ५०.१ वर थांबला. शंभर ग्रॅम जास्त. अंतिम फेरी गेली, पदकही गेलं.

पुढच्याच दिवशी, ८ ऑगस्टच्या संध्याकाळी उपांत्य फेरी हरलेल्या अमन सेहरावतचं वजन ६१.५ किलो होतं आणि त्याचा गट होता ५७ किलोचा. मॅटवर दीड तास झटापट, गरम पाण्याची आंघोळ, ट्रेडमिल, पाच-पाच मिनिटांची सॉना, मालीश, पुन्हा पळणं. पहाटे साडेचारच्या सुमारास काटा ५६.९ वर आला. दहा तासांत ४.६ किलो. त्याच दिवशी त्याने कांस्यपदक जिंकलं आणि २१ व्या वर्षी तो भारताचा सर्वांत तरुण वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता ठरला.

एकीबद्दल हळहळ झाली, दुसऱ्याचं कौतुक झालं. पण दोघांनी त्या रात्री जे उतरवलं, ते जवळपास सगळं पाणी होतं. चरबी एका रात्रीत किलोने झडत नाही, स्नायू एका महिन्यात किलो-किलोने चढत नाहीत. शरीराचं हे साधं गणित आज तालमीपासून गल्लीतल्या जिमपर्यंत सगळीकडे मोडलं जातं आहे. जिममध्ये त्याला ‘बल्किंग’ आणि ‘कटिंग’ म्हणतात. आधी खाऊन अंग भरायचं, मग चरबी झडवून ते कोरून काढायचं. कल्पना चुकीची नाही. तिला जो वेळ लागतो, तो द्यायची तयारी मात्र फार थोड्यांची असते.

महाराष्ट्राला यातला पहिला भाग नवा नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी समोरच धार काढतो आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतो. पेल्याला कोमट ऊब असते, ओठावर फेसाची मिशी उमटते. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे हजार कॅलरी असतात, साठ-पासष्ट ग्रॅम स्निग्धांश आणि पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं. त्यावर बदामाची थंडाई, तूप, मटण, अंडी. शाहू महाराजांनी आखाड्यांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींतून ‘खुराक’ ही एक व्यवस्थाच तयार झाली.

हा खुराक पचायचा, कारण त्यामागे तेवढी मेहनत असायची. पहाटे हौदा उकरण्यापासून दिवस सुरू व्हायचा. मग शेकड्यांनी जोर, त्याहून जास्त बैठका, मग लढत. शिवाय जत्रेच्या आणि इनामाच्या कुस्तीत वजनगट नसायचे. जोड लावताना वस्ताद आणि पंच अंगकाठी पाहायचे, काटा कोणी आणायचं नाही. मल्लाला अंगावर धरलेलं मांस उतरवायची वेळच यायची नाही. वजन जास्त असणं हा मातीत फायदाच होता. म्हणूनच तालमीकडे वजन चढवण्याचं शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या साठलं आणि ते उतरवण्याचं जवळपास नव्हतंच. मॅट आली, गट आले, आणि ही उणीव उघडी पडली.

गटांमध्ये नीट वाढायचं कसं, याचं सर्वांत जुनं आणि सुंदर उदाहरणही याच मातीतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते बँटमवेटमध्ये, ५७ किलो गटात खेळले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. पाच किलोची एक पायरी, चार वर्षांत. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं होतं, हे पुष्कळांना माहीत असतं. पायरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. अलीकडचं उदाहरण राहुल आवारेचं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य.

विनेशचा प्रवास याच्या उलट दिशेने वळला. २०१६ ला रिओत ती ४८ किलो गटात होती, मग ५० मध्ये आली, मग ५३ मध्ये. टोकियोला ती ५३ किलोतच खेळली. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने ५३ किलोत कांस्य जिंकून पॅरिसची जागा मिळवली आणि विनेशला पुन्हा ५० वर उतरावं लागलं. तिशीच्या उंबरठ्यावर, अनेक वर्षं कमावलेल्या स्नायूंसह, तीन किलो खाली. शंभर ग्रॅमवर सगळा देश बोलला. खरा प्रश्न त्या तीन किलोंचा होता.

आता काट्यावर नेमकं काय मोजलं जातं ते पाहू. माणसाच्या स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते बरेचसे इथूनच. आरशासमोरचा माणूस खूश होतो, चरबी जागची फारशी हललेली नसते. एक किलो चरबी झडवायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ५५० कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला अर्धा किलो. यापेक्षा बराच वेगाने काटा खाली येत असेल, तर चरबीबरोबर दुसरंही काही जात असण्याची शक्यता असते.

ते दुसरं काय, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये नीट दाखवलं. इना गार्थे आणि सहकाऱ्यांनी उच्च दर्जाचे २४ खेळाडू घेतले. एका गटाने दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के घट करायची, दुसऱ्याने १.४ टक्के. आठवड्याला चार दिवस वजनांचा व्यायाम दोघांनाही होता. शेवटी दोघांचं वजन जवळपास सारखंच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. पण हळू उतरणाऱ्यांचं चरबीविरहित वजन २.१ टक्क्यांनी वाढलं होतं. घाई केलेल्यांचं वाढलंच नाही. व्यायाम तोच, उतार तेवढाच, फरक फक्त आठवड्यांचा. एकांना साडेआठ आठवडे लागले, दुसऱ्यांना पाचच्या वर थोडे. तीन आठवड्यांच्या घाईत दुसऱ्या गटाची ती वाढ हुकली.

चढतानाही हेच. त्याच संशोधकांनी ३९ खेळाडूंवर दुसरा प्रयोग केला. एका गटाला आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने भरपूर खायला लावलं, दुसरा गट आपल्या भुकेने खात राहिला. जास्त खाणाऱ्यांचं वजन अर्थातच जास्त वाढलं. चरबी १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत मात्र दोघांत ठोस फरक सापडला नाही. ‘साइज यायला हवी तर खा, कसलंही खा’ असं सांगणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा, इतका तो स्पष्ट आहे. स्नायू किती बांधायचे हे ठरतं पेलेल्या वजनावर, झोपेवर आणि वेळेवर. ताटात त्यापलीकडे जे पडतं, ते पोटावर जमतं.

अर्थात अफाट खाऊन जग जिंकलेले लोकही झाले. अमेरिकेच्या ब्रूस रँडलने १९५० च्या दशकात दुधाच्या बाटल्या आणि डझनावारी अंडी रिचवत स्वतःचं वजन ४०१ पौंडांवर, म्हणजे सुमारे १८२ किलोंवर नेलं. मग साधारण आठ महिन्यांत ते १८३ पौंडांवर आणलं. १९५९ मध्ये तो मिस्टर युनिव्हर्स झाला. त्याची गोष्ट थक्क करते, पण ती एकाच माणसाची आहे. आपल्याकडे तेच काम २०१६ च्या ‘दंगल’ने केलं. महावीर फोगट यांच्या भूमिकेसाठी आमिर खानने वजन ९७ किलोंपर्यंत नेलं आणि नंतर पाच महिन्यांत चरबीचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून १० च्या खाली आणलं. त्याने म्हातारपणाचा भाग आधी चित्रित करायला लावला, म्हणजे पुढे उतरण्याचं कारण समोर राहील. शिस्त वादातीत आहे. पण त्याच्याभोवती प्रशिक्षक होते, आहारतज्ज्ञ होते, आणि त्या पाच महिन्यांत त्याचं काम तेवढंच होतं. सकाळची ७:४२ ची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री साडेनऊला जिमला पोचणाऱ्या मुलाने तोच आलेख स्वतःला लावला की तो मोडतो.

मग त्या मुलाने करायचं काय? समजा त्याचं वजन ७० किलो आहे. चढतीच्या काळात आठवड्याला वजनाच्या पाव ते अर्धा टक्का, म्हणजे १७५ ते ३५० ग्रॅम एवढीच वाढ क्रीडा आहारतज्ज्ञ सुचवतात. त्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा दहा ते वीस टक्के जास्त खाणं पुरतं. म्हणजे एक भाकरी, एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे. बादलीभर शेक नव्हे. उतरतीत आठवड्याला अर्धा ते एक टक्का घट, आणि शक्यतो अर्ध्याच्या जवळ.

प्रथिनांचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त विकलाही जातो. सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण सांगितलं आहे. वजन उचलणाऱ्यांची गरज त्याच्या जवळपास दुप्पट असते. २०१८ मध्ये ४९ अभ्यास आणि १,८६३ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. तिच्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना सरासरी फायदा दिसेनासा झाला. आपल्या ७० किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला ११२ ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून बारा, दोन पोळ्यांतून आठ, पन्नास ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून अकरा, मुगाच्या उसळीतून नऊ, अर्धा लिटर दुधातून अठरा, चार अंड्यांतून पंचवीस, शंभर ग्रॅम चिकनमधून बावीस, शेंगदाण्यांच्या मुठीतून सात. बेरीज ११२. शाकाहारी असेल तर अंड्यांच्या जागी पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि चिकनच्या जागी शंभर ग्रॅम पनीर. पावडरीचा डबा यात कुठे आला नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पूरक पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं आहे. ज्याच्या घरी एवढं ताट रोज होत नाही, त्याला एखादं माप व्हे प्रोटीनची पावडर सोयीची पडते. ती अन्न म्हणून घ्यावी. जादू म्हणून ती विकली जाते, ते खोटं आहे.

उतरतीत प्रथिनं आणखी वाढवावी लागतात, कारण खाणं कमी झाल्यावर शरीर स्नायूंकडेही इंधन म्हणून पाहू लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिलं आणि आठवड्याला सहा दिवस सणसणीत व्यायाम करवला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांचे स्नायू जेमतेम टिकले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं आणि चरबी ४.८ किलो झडली. एवढी कठोर तूट चारच आठवडे होती आणि देखरेखीखाली होती, हे विसरू नये.

आणि व्यायाम? इथे महाराष्ट्रातल्या जिममधली सर्वांत जुनी चूक भेटते. कटिंग सुरू झालं की मुलं जड वजनं खाली ठेवतात. हलके डंबेल, वीस-पंचवीस आवर्तनं, तासभर ट्रेडमिल. समजूत अशी, की हलक्या वजनाने ‘कट्स’ येतात. कट्स येतात ते चरबी झडल्याने, आणि चरबी झडते ती ताटामुळे. जड वजनाचं काम निराळं आहे. हा स्नायू अजून लागतो, असं शरीराला तेच सांगत असतं. ती हाक बंद झाली, की तुटीच्या दिवसांत स्नायू ठेवायचं कारणच उरत नाही. उपाशीपोटी पूर्वीएवढे सेट झेपत नाहीत, हे खरं. मग सेट कमी करावेत, बारवरचं वजन शक्य तेवढं तसंच ठेवावं. अमेरिकेत २०११ मध्ये झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी व्यायाम एक तृतीयांशावर आणला, तरी बत्तीस आठवडे त्यांच्या स्नायूंचा आकार टिकून राहिला. ते पोटभर खात होते, पण दिशा कळायला एवढं पुरेसं आहे.

घाईचा शेवट कुठे होतो, याची उदाहरणं काळीज हलवणारी आहेत. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट, तापवलेली खोली, सायकल, पाणी बंद. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सॉना, रबरी सूट आणि लघवी वाढवणारी औषधं यांवर बंदी घातली. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची चरबी मोजून त्याने कमीत कमी कुठल्या गटात खेळायचं ते ठरवायला आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त घट होऊ न द्यायला सुरुवात केली. शरीरसौष्ठवात मंचावर जाण्याआधी ‘वॉटर काढण्याची’ प्रथा आहे. अल्जीरियन वंशाचा फ्रेंच शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला.

आपल्याकडे ही घाई आता इंजेक्शनांपर्यंत पोचली आहे. मेफेंटरमाइन हे औषध भूल दिलेल्या रुग्णाचा खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं. व्यायामाला चेव यावा, भूक मरावी म्हणून ते जिममधल्या मुलांना विकलं जातं आणि राज्यात पोलीस त्याचे साठे जप्त करत असतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हृदयावर हा खेळ चालला आहे. याबद्दल हळू आवाजात बोलणं बरोबर नाही. ज्या जिममध्ये हे मिळतं, ते बंदच व्हायला हवं.

मुलींचा हिशोब आणखी वेगळा मांडावा लागतो. खाणं व्यायामापेक्षा सतत कमी पडत राहिलं की पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या सगळ्याला एका विकाराच्या नावाखाली आणलं आणि तो पुरुषांनाही होतो हे नोंदवलं. महाराष्ट्रात मुलींच्या कुस्तीला आता कुठे बरे दिवस येत आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं शरीर वाढत असतं, तिला खालच्या गटात कोंबून जिंकलेलं जिल्ह्याचं पदक फार महाग पडतं. तिने वरच्या गटात हरावं आणि वाढावं.

राहिला स्पर्धा संपल्यानंतरचा महिना, ज्याबद्दल कोणीच काही ठरवत नाही. १९४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी स्वखुशीने तयार झालेल्या ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटलं. पुन्हा पोटभर खाणं सुरू झाल्यावर चरबी स्नायूंपेक्षा भराभर परतली आणि पूर्वीपेक्षा जास्त झाली. स्नायू मागे राहिले, भूक मात्र भागता भागत नव्हती. कठोर कटिंगनंतर दोन आठवड्यांत आठ-दहा किलो चढवून बसणाऱ्या मुलाचं शरीर याच नियमाने वागत असतं. त्यात त्याच्या मनाचा दुबळेपणा नसतो. मंचावरून उतरल्यावर खाणं दर आठवड्याला शे-दोनशे कॅलरींनी वाढवत नेलं आणि वजनांचा व्यायाम लगेच पूर्ववत केला, तर ही उसळी बरीच आवरता येते.

दिवाळी या सगळ्या वेळापत्रकाच्या नेमक्या तोंडावर येते. शरीरसौष्ठवाच्या मोठ्या स्पर्धा बहुतेक हिवाळ्याच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतात, जत्रांची मैदानं चैत्र-वैशाखापर्यंत चालतात. चाळीस ग्रॅमच्या बेसनाच्या लाडवात सुमारे दोनशे कॅलरी, एका मोठ्या चकलीत सव्वाशेच्या आसपास. रोजच्या साडेपाचशेच्या तुटीत दोन लाडू आणि एक चकली म्हणजे सबंध दिवस. म्हणून फेब्रुवारीअखेर मंचावर जायचं असलेल्या मुलाने भाऊबीजेपर्यंत चढतीच सुरू ठेवावी, फराळ चढतीच्या हिशोबात धरावा, स्क्वॅट आणि डेडलिफ्टचं वजन त्याच दिवसांत वाढवून घ्यावं. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी वजन करावं, वहीत लिहावं, आणि तिथून चौदा-पंधरा आठवडे मोजावेत. ७५ किलोवरून ७० वर यायला एवढे आठवडे पुरतात, तेही आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या निवांत चालीने, आणि शेवटच्या रात्री कोणाला घाम काढत बसावं लागत नाही.